पियुषच्या वेफर्सला भांडवल, सोयऱ्यांसकट

मेहरूण, जळगाव

प्रिय रुपचंद यास मोतीलालचा कडकडून नमस्कार. गुडघे धुळ्याच्या थंडीत शाबूत असतील, वहिनींची साखर ताब्यात असेल, आणि अंघोळ करताना तू अजून शाळेतल्या कविता म्हणत असशील (चाल चुकवतच), असे धरून चालतो.

इकडे नुसती धमाल! आमच्या नातवाच्या, पियुषच्या, भडगावच्या केळी-वेफर्सच्या कारखान्यात मुंबईची एक गुंतवणूक कंपनी भांडवल घालते आहे. त्यांनाच वरून नियम इतके कडक, की रवा चाळावा तसा ते आपला कारखाना चाळतात. भांडवल आले तर नव्या कढया. नाही तर पोरगा नोकरीला पुण्यास. (मग माझ्या कविता ऐकायला घरात मांजरच उरेल.)

तपासणीला कामिनी मॅडम आल्या. कढईत चकत्या पडतात त्या अगदी भुजंगप्रयात वृत्तात, हे मी त्यांना ऐकवले. त्यांनी विचारले, "आजोबा, माल पुरवणाऱ्यांशी काही नातं?" मला वाटले, घरंदाजपणा विचारते आहे! छाती फुगवून सांगितले: केळीवाला जीवराम मावसभाऊ, खोकीवाला सुकदेव साडू, ट्रकवाला कुंदन भाचा (म्हणजे त्याच्या आईने मला एकदा राखी बांधली होती). "बठ्ठं आपलंच शे, पोरी, सगळं घरचंच!" पियुष मागून हातवारे करत होता. मला वाटले, कोणी राहिले. म्हणून चाळीसगावचे व्याहीही जोडून दिले.

मॅडमचा चेहरा उतरला. सोयऱ्यांशी झालेला प्रत्येक व्यवहार म्हणे बाजारभावाशी ताडावा लागतो. ताडला. साडू खोकी महाग लावत होता, रे! वर दर दिवाळीला माझ्याकडून टॉवेल-टोपी! आता खोकी दुसरीकडून येतात, नफा वाढला, मॅडम खूश. फक्त साडू बोलत नाही, आणि आमची हीसुद्धा (बहिणीचा नवरा ना!). पण आपल्याला पाठांतर झाले तेही कडक मास्तरांमुळेच, नाही का?

तुझा,
मोतीलाल

ता. क. आता एकच अट उरली. संचालक मंडळावर नात्याबाहेरचा एक जाणता माणूस हवा. अख्ख्या जळगाव जिल्ह्यात मला तसा कोणी सापडेना. तूच ये. सोमवारी सह्या आहेत.

आणखी ता. क. हिने आत्ताच मौन सोडले. तुझी नात रूपाली आणि आमचा पियुष यांचे जमले आहे म्हणे! ऊर भरून आला, रुपचंद. तू आता संचालकपदातून बाद. धुळ्यात एखादा पार परका माणूस ओळखीचा असेल तर ताबडतोब कळव. (त्याचे मामाकडचे आडनाव आधी विचारून घे.)