विहिरीतल्या आवाजाची व्यवस्था

मी, प्रियदर्शनी नाथाजी निकम, वय एकोणतीस, शिक्षण इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग, व्यवसाय गिटारवादन व ध्वनिमुद्रण, मूळ राहणार तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा, सध्या राहणार विश्रामबाग, सांगली, माझ्या पश्चात काय व्हावे आणि काय होऊ नये ते येथे लिहून ठेवते. माझे डोके शाबूत आहे. हृदयाची एक झडप शाबूत नाही; तिचे ऑपरेशन पुढच्या आठवड्यात मिरजेत आहे. डॉक्टर निर्धास्त आहेत, मीही आहे. पण चांगल्या यंत्रालाही फ्यूज बसवतात. हे मृत्युपत्र कर म्हणून मला कोणी भरीस घातलेले नाही. करू नकोस म्हणून मात्र पुष्कळांनी सांगून पाहिले.

मी अविवाहित आहे. काही न लिहिता गेले तर माझे सर्व आईवडिलांकडे जाईल, आणि आमच्या घरात आईवडिलांकडे जे जाते त्यावर माझा भाऊ जयराज सही करून घेतो. हे मृत्युपत्र करण्याचे कारण एवढेच आहे.

कलम १. पार्श्वभूमी. 'कोरडवाहू' हा आमचा रॉक बँड तिघांचा आहे: गाणारी विजयमाला, ढोल आणि ड्रम वाजवणारा माण तालुक्यातला मल्हार काळेल, आणि मी. २०२४ हे आमचे वर्ष होते. मार्चमध्ये 'टँकर' आले, मेमध्ये 'छावणी', ऑगस्टमध्ये 'तळ'. 'तळ' एका मोठ्या म्युझिक ॲपच्या देशभरातल्या रॉकच्या यादीत पहिले आले आणि दिवाळी उलटेपर्यंत तिथून हलले नाही. त्या यादीत वर-खाली सगळे मुंबई, बंगळुरू, शिलाँग होते. मध्ये माण तालुका होता.

कलम २. 'तळ' कसे झाले हे लिहिणे भाग आहे, कारण पुढची वाटणी त्यावर अवलंबून आहे. त्या उन्हाळ्यात मल्हारच्या आईची, हरणाबाई दादासो काळेल यांची विहीर तळापर्यंत कोरडी होती. मला तिचा घुमारा हवा होता. रिकाम्या बंदिस्त जागेत एक मोठा बार उडवून त्याचा घुमारा नीट रेकॉर्ड केला, की पुढे कोणताही आवाज त्या जागेत सोडल्यासारखा ऐकवता येतो. आम्ही पोहऱ्याच्या दोराने माईक खाली सोडले आणि सुतळी बॉम्ब लावला. पहिला फुसका निघाला. दुसरा निघाला नाही. हरणाबाईंची मेंढरे चौफेर उधळली. बाईंना आम्ही आधी सांगितले नव्हते. त्या काठी घेऊन धावत आल्या आणि कठड्यावरून खाली वाकून ओरडल्या:

"कोन हाय रं खाली? वर ये, तंगडं मोडते!"

माईक चालू होते. विहिरीने ते वाक्य तीनदा परत दिले. 'तळ'ची सुरुवात तीच आहे.

गाणे वितरित करणाऱ्या कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितले, "मॅडम, सुरुवातीची ती बाई काढा. गाणं क्लीन होईल." मी काढली नाही. आता कार्यक्रमात विजयमालाने तोंड उघडण्याआधी अख्खे मैदान ओरडते, "तंगडं मोडते!" त्यानंतर त्याच माणसाने घुमाऱ्याची मूळ फाईल कंपनीच्या नावे करून मागितली. तीही दिली नाही.

कलम ३. तिन्ही गाण्यांचे हक्क आम्हा तिघांकडे समान आहेत. आमच्या आपसातल्या करारानुसार तिघांच्या सह्यांशिवाय गाणे विकता येत नाही, जाहिरातीला किंवा प्रचाराला देता येत नाही. एक जण गेला तर त्याच्या वारसाची सही लागते. म्हणजे माझ्या हिश्श्यातून पैसे किती येतील हा दुय्यम प्रश्न आहे. ज्याला माझा हिस्सा मिळेल, त्याला नाही म्हणण्याचा अधिकार मिळेल.

जयराज जिल्हा परिषदेला उभा राहतो आहे. त्याला 'तळ' प्रचाराला हवे आहे. गाडीवर वाजवायचे: "कोन हाय रं खाली?" आणि विहिरीने उत्तर द्यायचे: "जयराजदादा!" ही कल्पना त्याने मला गंभीरपणे सांगितली. मी नाही म्हणाले.

"मेंढरं राखणाऱ्या बाईच्या शिवीवर नाव कमावलंस," तो म्हणाला, "आणि सख्ख्या भावाला न्हाई म्हणतीस?"

"हो."

"तुझं काय बरंवाईट झालं तर शेवटी सही आमालाच करायची हाय."

त्याने हे रागात म्हटले, मनात तसे नसेल. पण कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर होते. म्हणून:

कलम ४. तिन्ही गाण्यांतला माझा हिस्सा आणि विहिरीच्या घुमाऱ्याची मूळ फाईल मी हरणाबाई दादासो काळेल यांना देते. विहीर त्यांची, आवाज त्यांचा, मेंढरेही त्यांचीच उधळली. आमच्या भावकीत यावर काय बोलले जाईल ते मला पाठ आहे: घरचे बाहेर गेले, तेही कोणाच्या घरात. बोलावे. हा निर्णय मी एका बैठकीत घेतला आणि त्यानंतर बदललेला नाही.

मी त्यांना विचारायला गेले तेव्हा त्या कोकराला पाजत होत्या.

"मला काय कळतंय बाय त्यातलं?"

"काही कळायला नको. कोणी कागद घेऊन आलं तर नाही म्हणायचं."

"कुनाला बी?"

"तुम्हाला पटेपर्यंत कोणालाही."

"त्ये येतंय की मला. चा घेतीस?"

गेल्या पावसाळ्यापासून ती विहीर भरलेली आहे. तो घुमारा आता फक्त फाईलमध्ये आहे. नवीन मिळवायचा तर विहीर पुन्हा कोरडी पडावी लागेल. तशी इच्छा कोणीही करू नये, अगदी गाण्यासाठीसुद्धा.

कलम ५. वडिलोपार्जित उसाच्या जमिनीतला माझा हिस्सा. गेल्या भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटाशेजारी हक्कसोडीचा कागद होता. आमच्याकडे बहिणी सही करतात आणि साडी नेतात. मी ओवाळले, सही केली नाही, साडीही नेली नाही. तो हिस्सा मी आईला, सौ. मंगल नाथाजी निकम यांना देते. त्यांच्या नावावर या घरात आजवर एक सरीसुद्धा नाही. माझ्या लग्नासाठी केलेले दागिनेही त्यांचेच. त्यांनी ते रोज घालावेत.

बँकेतली शिल्लक ऑपरेशनच्या बिलानंतर जी उरेल ती आईचीच.

कलम ६. गिटार विजयमालाला. ती वाजवावी; हार घालून भिंतीवर टांगू नये. माझ्या केबलही तिच्याकडेच आहेत, त्या तिच्याच समजाव्यात, नाहीतरी ती परत करणार नव्हती. ॲम्प्लिफायर, मिक्सर आणि सोल्डरिंगचे सामान मल्हारला. सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून त्याने फोनवर बोलू नये. हेडफोन जयराजला. त्याने 'तळ' आजवर फक्त सुरुवातीच्या ओरडण्यापर्यंत ऐकले आहे. पुढेही गाणे आहे.

कलम ७. (खोडले. शेवटची नोंद पाहावी.) माझे वडील, सुभेदार नाथाजी निकम, सैन्यात सिग्नलमध्ये होते. सोल्डरिंग मला त्यांनीच शिकवले. मी नोकरी सोडून गिटार धरली तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरते बोलतात. साताऱ्याच्या कार्यक्रमाला ते न सांगता आले होते. मैदानाच्या शेवटी उभे होते. नंतर म्हणाले, "ढोलाला माईक भाईरनं लावलावतास का आतनं?" मी म्हटले, "दोन्हीकडून." ते म्हणाले, "बराबर हाय." त्यांचा सैन्यातला पट्टा मी गिटारला लावते. तो त्यांना परत द्यावा.

कलम ८. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी विजयमालाची नेमणूक करते. या मृत्युपत्राला जयराजने हरकत घेतली तर त्याने जरूर कोर्टात जावे. मी सर्व करारांच्या प्रती वकिलांकडे ठेवल्या आहेत.

सही करण्यापूर्वीची नोंद. आज सकाळी वकील लालासाहेब जगताप यांच्या ऑफिसात मी दुसऱ्या साक्षीदाराची वाट पाहत होते. वडील आले. मी बोलावले नव्हते. त्यांनी उभ्यानेच सगळा मसुदा वाचला, चौथे कलम दोनदा. मग म्हणाले, "साक्षीदार म्हनून मी सही करतो."

वकील म्हणाले, "सुभेदारसाहेब, सातव्या कलमात तुमचं नाव आहे. साक्षीदाराला काही मिळत असलं तर उद्या समोरचा वकील तेच धरून बसेल. पट्टा तरी घ्या, नाहीतर सही तरी करा."

"पट्टा पयल्यापासनं माझाच हाय. पेन द्या."

मी विचारले, "आबा, जयराज कोर्टात गेला तर?"

"तर साक्षीला मी उभा असंन. माझ्याकडं बघून बोलू दे त्याला."

त्यामुळे कलम सात रद्द केले आहे. खाडाखोडीवर आम्ही तिघांनी सह्या केल्या आहेत. ऑपरेशन होऊन मी घरी आले तरी बाकीचे मृत्युपत्र कायम राहील. पट्टा तूर्त गिटारलाच आहे.

ठिकाण: सांगली
दिनांक: ९ डिसेंबर २०२५

लिहून ठेवणार: प्रियदर्शनी नाथाजी निकम (सही)

आमच्या दोघांच्या समक्ष तिने वाचून, समजून सही केली:

साक्षीदार १: ॲड. लालासाहेब जगताप, सांगली (सही)

साक्षीदार २: सुभेदार नाथाजी निकम, निवृत्त, सिग्नल (सही)
नाते: वडील
या मृत्युपत्रान्वये लाभ: काही नाही