झेरॉक्सवरच्या तिरक्या रेघा

प्रिय दाओ,

फोनवर तू म्हणालीस, "आई, रोखेवाल्यांच्या सभेला जाऊ नकोस, उगाच दगदग. तिथे म्हाताऱ्या माणसांचं काय काम?" मी त्यावर हो म्हटलं नव्हतं, आठवून बघ. मी गेले. उबोनमावशीला बरोबर घेतलं, आदल्या दिवशी लांपांगहून बँकॉकची बस धरली, तिच्या भाचीकडे मुक्काम केला. डब्यात चिकट भात आणि भाजलेल्या मिरचीची चटणी होती, कारण सभा होती त्या हॉटेलात एका कॉफीला आपल्या दोन दिवसांच्या भाजीचे पैसे पडतात. मी बँकॉकात होते आणि तुला कळवलं नाही, याचा तुला राग आलाय. येऊ दे. आधी पत्र पुरतं वाच.

मला यातलं काही कळत नाही असं तू बँकेत लागल्यापासून म्हणतेस. मी दहावीपर्यंतच शिकले, खरं आहे. पण तुझे बाबा रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हापासून त्यांचा पैसा मीच सांभाळला. सरकारी बचत रोखे निघायचे त्या दिवशी बँकेच्या दारातल्या रांगेत माझी चप्पल पहिल्या दहांत असायची. चपलेने नंबर धरायचा आणि मी इकडे अनवाणी भिक्खूंना भिक्षा वाढायची. तशीही भिक्षा अनवाणीच वाढतात, म्हणजे चपलेचाही वेळ वाया जात नसे. आपल्या गल्लीतल्या प्रासित गुरुजींना घाईने पैसे हवे होते ते वर्ष तुला आठवत नसेल. व्याजदर चढले होते, म्हणून जुन्या रोख्यांची किंमत पडली होती आणि शंभराचा रोखा बँक चौऱ्याण्णवला मागत होती. मी सत्त्याण्णवला घेतला. मुदत संपल्यावर सरकारने मला पुरे शंभर दिले. पुण्यही मिळालं आणि वर तीन बाह्तही. तेव्हा मला कळत नाही हे पुन्हा म्हणू नकोस.

मग तू बँकेतर्फे विकायचे म्हणून त्या बांधकाम कंपनीचे रोखे घेऊन घरी आलीस. "आई, सरकार अडीच टक्के देतं, हे साडेसहा देतात. ठेवीसारखंच समज." मी विचारलं, तारण काय? तू हसलीस. "आई, एवढाले टॉवर उभे आहेत, ते दिसत नाहीत?" टॉवर दिसत होते. ते कुणाकडे गहाण आहेत ते दिसत नव्हतं. तरी मी आठ लाख घातले, ती चूक माझी, तिचं खापर तुझ्यावर फोडत नाही. पण माझ्या मागोमाग गल्लीतल्या अकरा जणी आल्या. त्यांनी कंपनीचं नावसुद्धा नीट वाचलं नाही. माझं नाव त्यांना पुरलं: लमायची मुलगी सांगते ना, मग झालं. माझ्याच स्वयंपाकघरात बसून त्यांनी सह्या केल्या.

त्याच दिवशी तू ओळखपत्राच्या झेरॉक्स मागितल्यास, प्रत्येकीच्या तीन-तीन, सही करून, आणि खाली सही केलेले दोन-चार कोरे फॉर्मही. "लागतात गं नंतर." सही केलेली झेरॉक्स कुणाला द्यायची तर तिच्यावर दोन तिरक्या रेघा मारायच्या आणि मधे लिहायचं की ही अमुक कामासाठीच, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. नाहीतर उद्या तुमच्या नावावर कुणीतरी मोटारसायकल घेऊन फिरतो. अख्ख्या गल्लीला हे मीच शिकवलं. त्या दिवशी उबोनमावशीने पेन उचललंही होतं, मीच तिचा हात धरला. म्हटलं, अगं, घरचीच पोरगी आहे. तुझ्यासमोर रेघा मारायची मला लाज वाटली.

आता सभेचं सांगते. पुढच्या महिन्यात आमची मुद्दल परत द्यायची होती. कंपनी म्हणते, आणखी दोन वर्षं थांबा, आणि व्याज साडेसहाऐवजी तीन घ्या. त्याला शंभरातल्या पंचाहत्तर मतांची मान्यता लागते. दारातल्या टेबलावर एक गोड मुलगी होती. माझं नाव बघून म्हणाली, "आई, तुम्ही कशाला त्रास घेतलात? तुमचं मत आधीच आलंय." तिने मुखत्यारपत्र काढून दाखवलं. प्रस्ताव मान्य. खाली माझी सही, मागे माझी झेरॉक्स, रेघांशिवाय स्वच्छ. मी म्हटलं, आमच्या गल्लीतल्या बाकीच्यांचीही काढा. बाराच्या बारा मान्य. उबोनमावशी तिथेच ओरडली, "अगं बाई, चाळीस वर्षांत मी नवऱ्याला कधी इतक्या पटकन हो म्हटलं नाही!" मागचे लोक हसले. मला हसू आलं नाही. साक्षीदाराच्या जागी तुझी सही होती.

सभा सुरू झाल्यावर मी उभी राहिले. मंचावरचा एक टायवाला म्हणाला, "आई, बसा ना, हे सगळं तुमच्याच भल्यासाठी आहे." मी म्हटलं, "मला एकच मुलगी आहे, तुम्ही मला आई म्हणू नका. आमच्या दोघींची मुखत्यारपत्रं रद्द करा, आम्ही जिवंत समोर उभ्या आहोत. आमचं मत नाही. आधी तारण द्या, मग मुदत मागा." मग मागच्या रांगेतला एक दुकानदार उठला, "माझंही मत बघू जरा कुणी दिलंय ते." मग एक निवृत्त नर्स. मग टेबलाभोवती ही झुंबड उडाली. शेवटी त्यांना सभा तहकूब करावी लागली. सगळे कागद तपासून एकवीस दिवसांनी पुन्हा मतदान होईल.

रात्री तुझा फोन. "आई, कंपनी बुडाली तर हातात काहीच यायचं नाही." बुडेलही. नाही म्हटल्याने आठ लाख परत येतीलच असं मी कुणाला सांगितलेलं नाही, त्या अकरा जणींनाही नाही. पण बुडायचं असेल तर माझ्या तोंडच्या शब्दाने बुडेन, दुसऱ्याने माझ्या नावाने भरलेल्या कागदावर नाही. मग तू म्हणालीस, "सगळ्याच शाखांत असं करतात, साहेबांनीच सांगितलं होतं." दाओ, उपोसथाला, व्रताच्या दिवशी, विहारात शीलं घेताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, आणि माझी जीभ अडखळली. साठ वर्षांत पहिल्यांदा. लबाडी कुणी केली हे ठाऊक असताना मी गप्प बसले होते ना.

म्हणून हे पत्र. रोख्यांच्या व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयात सोमवारी दहा वाजता माझा जबाब आहे. तिथल्या अधिकारी बाईंनी विचारलं, साक्षीदार तुमच्या ओळखीची आहे का? मी म्हटलं, सोमवारी सांगते. आणि मी सांगणार आहे. तुझ्या नोकरीचं काय होईल, घराच्या हप्त्यांचं काय होईल, सगळा विचार करून झाला. मी तुझी परवानगी मागत नाही. तुझ्या हातात पाच दिवस आहेत, एवढंच कळवतेय. त्याआधी तू स्वतः जाऊन काय झालं ते सांगितलंस, साहेबांच्या नावासकट, तर सोमवारी मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसेन. नाही गेलीस, तर समोरच्या.

दोन्हींपैकी कुठल्याही खुर्चीवरून तुझीच,
आई