सगळ्यांचा एकच पासवर्ड

३ डिसेंबर
पुन्हा तेच. निंबोल्याच्या पाटलांच्या केळी पिकवायच्या चेंबरचा नकाशा तीन जागी, आणि तिन्ही वेगळे. एक रेखाताईच्या कॉम्प्युटरवर, एक साहेबांच्या पेनड्राइव्हमध्ये, एक माझ्याकडे. पाटलांच्या हातात दिला तो चौथाच. नकाशे काढून पास करून देणारं आमचं ऑफिस, माणसं तीन, आणि तिघांचा मिळून एक नकाशा नाही! साहेब भडकले. "दिनू, काहीतरी एक ठरव. सगळं एका जागी पाहिजे, आणि जळालं-बुडालं तर दुसरी कॉपी पाहिजे. तू सीनियर आहेस." सीनियर म्हटलं की मी फुगतो, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

५ डिसेंबर
इंदूरचा माणूस दोन डिस्कचा डबा घेऊन आला. एक डिस्क गेली तरी दुसरी चालते म्हणे. दिवे लुकलुकतात, रुबाबदार आहे. किंमत ऐकून साहेबांनी त्याच्यासाठी चहा मागवला, म्हणजे नकार. नकाशे रेखाताई काढते, पालिकेच्या चकरा माझ्याकडे. तिचं म्हणणं, ऑनलाइन फोल्डर घ्या आणि दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. माझ्याही मनात तेच होतं. पण तिनं आधी बोलून टाकलं.

७ डिसेंबर
ऑनलाइन फोल्डर ठरला. साहेबांना सांगताना "मी असं ठरवलंय" म्हणालो. रेखाताई (पुढे नुसती रे.) शेजारीच उभी होती.
वाद झाला लॉगिनवरून. रे. म्हणाली, "दिनूभाऊ, सबका अलग लॉगिन ठेवा ना. कोणी काय बदललं, कोणी काय उडवलं, दिसलं पाहिजे." मी म्हटलं, "आपण तिघं घरचीच माणसं. घरच्या घरात कोणी कुलपं लावतं का?" साहेब खुश. रे. "ठीक आहे, मर्जी तुमची" म्हणून कामाला लागली. एकच खातं, एकच पासवर्ड, साहेबांच्या गाडीचा नंबर. शनिवारच्या डिस्कची जबाबदारी मी छातीवर हात ठेवून घेतली.

१२ डिसेंबर, शनि.
पहिली कॉपी केली. डिस्क कपाटात. बरं वाटलं, काहीतरी शिस्तीचं केल्यासारखं.

२३ जानेवारी, शनि.
डिस्क राहिली. मागच्या शनिवारीही राहिली होती. त्याच्या मागचं आठवत नाही. असो, कोण विचारतंय.

३० जानेवारी
रे.ला खंडव्याच्या एका मोठ्या ऑफिसात जागा मिळतेय. तेरा तारखेपर्यंत इथे. साहेबांना फार लागलं. "शिकवा आपण, आणि फळ खाणार दुसरे!" दिवसभर दारं आपटत होते. मी तिचं अभिनंदन केलं. मनातून बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. आता मला कोणी दुरुस्त करणार नाही.

१४ फेब्रुवारी, रवि.
माझ्या बायकोच्या, मंगलच्या भाच्याची हळद, राजपुऱ्यात. नवरदेवाला हळद लागायची वेळ, मी व्हिडिओ काढायला उभा आणि माझा मोबाइल म्हणतो जागा नाही. "दाजी, निकालो ना जल्दी, झाली हळद!" चारी बाजूंनी ओरडा. ऑफिसचा फोल्डर मोबाइलमध्येही उतरवून ठेवला होता, तो सगळ्यात मोठा दिसला. काढून टाकला. ऑफिसात आहेच की. व्हिडिओ एक नंबर आला. मंगलच्या माहेरी आज माझा भाव वधारला.

१५ फेब्रुवारी
फोल्डर रिकामा. तिन्ही कॉम्प्युटरवर.
दारातच कळलं मला. मी मोबाइलमधून काढलं ते मोबाइलमधून नव्हे, सगळीकडूनच गेलं.
साहेब म्हणाले, "शनिवारी ती गेली, सोमवारी फाइली गेल्या. अजून काय पाहिजे?" मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण साहेब पुढे म्हणाले, "डिस्क आण." डिस्कवर डिसेंबरनंतरचं काहीच नाही. म्हटलं, डिस्क खराब झालीय, उघडत नाहीये. हे खोटं इतकं सहज आलं की माझं मलाच नवल वाटलं. एकदा ते बोलल्यावर मोबाइलचं खरं सांगायची सोय राहिली नाही.

१६ फेब्रुवारी
साहेबांनी रे.ला फोन लावला, स्पीकरवर. "उद्यापर्यंत फाइली नाही आल्या तर मी पोलीस ठाण्यात जाईन. अनुभवाचा दाखला विसर."
ती म्हणाली, "साहेब, मी कशाला करेन? माझीच मेहनत आहे ना ती." आणि रडायला लागली. रे.ला रडताना कधी ऐकलं नव्हतं. मी समोर बसून कागदांना पंचिंग करत होतो. कोऱ्या कागदांना, हे नंतर लक्षात आलं.
चारच्या सुमाराला तिचा मेसेज मला: "दिनूभाऊ, साहेब माझा फोन नाही उचलू राहिले. उडवलेलं महिनाभर ट्रॅशमध्ये राहतं. तिथे बघा. आणि तुम्ही तरी समजवा त्यांना, प्लीज."
मी तरी.

१७ फेब्रुवारी
होतं. सगळंच्या सगळं. जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर जाऊन मोबाइलवरूनच परत आणलं. एका बोटानं गेलं, एका बोटानं आलं. जिना उतरताना हलकं वाटत होतं. फाइली आल्या, विषय मिटला, ती सुटली, मीही सुटलो. घोडं गंगेत न्हालं!
कसलं काय. साहेब फोल्डर बघून टेबलावर हात मारून म्हणाले, "बघितलं? ठाण्याचं नाव काढलं आणि चोरानं माल आणून ठेवला. पासवर्ड होताच तिच्याजवळ." कालपर्यंत नुसता संशय होता. पुरावा मी गच्चीवर बसून तयार केला.
साहेबांनी पेढे मागवले. मी खाल्ला. दुसराही घेतला, नाही म्हटलं तर कारण सांगावं लागलं असतं.

२० फेब्रुवारी
पासवर्ड बदलला. साहेबांनी कानाजवळ येऊन सांगितला. "आता फक्त तू आणि मी. घरचा माणूस म्हणजे तू, दिनू." घरचा माणूस! तो शब्द मीच या ऑफिसात आणला होता. आज तोच गालावर बसला.
डिस्कवर कॉपी केली. आता दर शनिवारी करतो. लाजेनं का होईना.

२४ फेब्रुवारी
सिंधीपुऱ्यात रे. भेटली, भाजी घेत होती. मला बघून रस्ता बदलेल वाटलं. मीच बदलायच्या बेतात होतो. ती हसून पुढे आली.
"मिळालं ना सगळं? मला माहीत होतं ट्रॅशमध्ये असणार. तुम्ही समजवलं ना साहेबांना?"
मी मान हलवली. हो असा अर्थ झाला त्याचा.
"बरं झालं तुम्ही होते, दिनूभाऊ. नाहीतर कोण ऐकतं माझं. दाखला कधी देऊ राहिले ते? खंडव्यावाले मागू राहिले."
म्हटलं, बघतो. तिनं माझे आभार मानले. भर बाजारात, हात जोडून. आयुष्यात एवढी शरम कधी वाटली नव्हती. शाळेत कॉपी करताना पकडला गेलो तेव्हाही नाही, कारण तेव्हा निदान पकडला गेलो होतो.

२७ फेब्रुवारी
मंगलला सांगितलं. तिच्या भाच्याच्या हळदीपासून सगळं. ती मध्ये एकदाच बोलली: "आणि त्या पोरीनंच तुम्हाला ट्रॅशचं सांगितलं?" हो म्हटलं. तिनं माझं ताट वाढलं आणि स्वतः बाहेर जाऊन बसली. भांडली असती तर बरं झालं असतं.
साहेबांना आज सांगणार होतो. पाटलांचा नकाशा बँकेत कर्जासाठी पास झाला, त्यांनी केळ्यांचा घड पाठवला, साहेब रंगात आले होते. रंगाचा बेरंग कशाला, असं मनाला समजावलं. फाइली गेल्या त्या सोमवारी ते चिडलेले होते म्हणून राहिलं होतं. म्हणजे साहेब चिडलेले असोत की खुश, मला चालत नाही.

१ मार्च
साहेब साइटवर. ऑफिसच्या फोनवर खंडव्याहून त्या ऑफिसचे मालक. दाखला का येत नाही विचारत होते. आणि मग, "वो बाई कैसी आहे? इथे ऐकलं की जाता जाता फाइली उडवल्या तुमच्या."
म्हणजे खंडव्यापर्यंत पोचलं.
मी म्हटलं, "तिनं नाही उडवल्या. मी उडवल्या. चुकून. आणि परत पण मीच आणल्या."
कसं निघालं माहीत नाही. ज्याचं तोंड कधी बघितलं नाही त्याला पहिल्यांदा सांगितलं. त्यांनी माझं नाव विचारून घेतलं. मग म्हणाले, "ऑफिस के मेल से लिखून पाठवा. उद्या दुपारपर्यंत. मला दुसऱ्या माणसाला हो-ना सांगायचंय."
लिहिला. सरळ लिहिला, डिस्कचं खोटंही घातलं त्यात. पण ऑफिसचा मेल म्हणजे साहेबांचाही मेल. ते सकाळी चहाच्या आधी उघडतात. पाठवला तर त्यांना दिसणार, आणि ड्राफ्टमध्ये राहिला तरी दिसणार. पाठवला नाही. ड्राफ्टमध्ये ठेवून सहाला घरी आलो.
मंगलला वाटलं होतं मी पाठवून आलो. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे सांगायचं कामही मशीनवर ढकललं तुम्ही. साहेब वाचतील, तुम्ही मान खाली घालून बसाल, झालं. त्या पोरीला काय मिळालं त्यात?"
म्हटलं, सकाळी लवकर जातो. साहेबांच्या आधी. मेल पाठवतो आणि ते आले की तोंडानं सांगतो.
"आणि नाही सांगितलं तर?"
सांगितलं तर नोकरी जाईल. या वयात दुसरी कोण देणार, हेही खरं. रे.ची तर लागण्याआधीच चाललीय, हे जास्त खरं.
ड्राफ्ट मोबाइलवरही दिसतो. आत्ता उघडून बसलोय. एका कोपऱ्यात पाठवायचं बटण, त्याच्याजवळच पुसून टाकायचं, कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह. सकाळपर्यंत थांबायची गरज नाही, दोन्ही आत्ताच करता येतं. मंगल आतून विचारतेय, पाठवला का. फाइली उडवल्या तेव्हा मला माहीत नव्हतं मी काय करतोय. आता सगळं माहीत आहे, तरी अंगठा त्या डब्याकडेच जातोय.