मला कोणी पळवून नेलेलं नाही

गिली मेनो बेट, बुधवार

आईस सलाम.

तुझी लेक सुखरूप आहे आणि एकटी आहे. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून बोटवाल्याच्या हाती पत्र देते.

धाकटी फोनवर सांगत होती, माझी चिठ्ठी वाचून तू शेजारणींना बोलावलंस आणि मुलाकडच्यांच्या निरोपाची वाट बघत बसलीस. "आठवडाभर येणार नाही, काळजी नको," एवढंच मी लिहिलं होतं. आपल्याकडे लग्नासाठी पळून जाणाऱ्या मुलीही हेच लिहितात आणि मग मुलाकडचे निरोप पाठवतात, हे लक्षात आलं नाही. चूक माझी.

पंपदुरुस्तीच्या कामाने थकले होते, म्हणून आले. इथे मोटारी नाहीत, फक्त टांगे. पोहते, झोपते. विहिरीचं पाणी जरा खारट आहे, बाकी उत्तम.

घरमालकीण मात्र रोज विचारते, "अगं, पळून आलीस तर नवरा कुठाय? बोटीत विसरलीस?"

मी हसते. पण गेल्या महिन्यात आपल्या गावातल्या साहनानने खरंच विचारलं होतं, "येशील का माझ्याबरोबर?" मी उत्तर दिलं नाही. आता गावातली बातमी ऐकून त्याला वाटेल, मी दुसऱ्याबरोबर गेले. वाटू दे, असं म्हणते, आणि प्रत्येक बोट आली की धक्क्यावर जाऊन उभी राहते. का, ते मला कळत नाही.

बाबांचा खोकला कसा आहे?

मी रविवारी येते. तोवर साहनान आलाच, तर मी कुठे आहे ते सांगू नकोस. इकडे येणारी बोट सकाळी नऊ चाळीसला सुटते, एवढंच सांग.

तुझी,
रौहुन