दोष हेडचा

२ मार्च, सकाळी ७.१०
निदान झालं. ट्रायपॉडचे पाय ठणठणीत आहेत, दोष वरच्या बॉल हेडचा, कॅमेरा बसतो त्या फिरत्या गोळ्याचा. नॉब आवळून हात काढला की कॅमेरा केसभर खाली बसतो. क्लोज-अपमध्ये केसभर म्हणजे फूलच गायब. ही गेली त्याला वर्ष झालं, तेव्हापासून एकही फोटो शार्प नाही. योगायोग. हेडही नेमकं तेव्हाच झिजलं असणार.

३ मार्च
लेकीचा फोन. भिंतीवर लावायला आईचा एक चांगला फोटो हवाय. म्हटलं, चार हजार फोटो आहेत, एक काय मागतेस! रविवारी देतो.
आधी हेड.

५ मार्च
दुकानदार म्हणाला, क्लोज-अपला गिअरचं हेड घ्या, चकती फिरवाल तेवढंच हलेल. त्याला सुनावलं, सत्तावीस वर्षं कारखान्यात मापं तपासलीयत, मला शिकवू नका. मग तेच घेतलं.

६ मार्च, सकाळी ६.४०
बाल्कनी. हिच्या कुंडीतलं निळं फूल. हेड अप्रतिम. फोटो हलला.
बटण दाबायच्या आधी कुंडीमागून स्पष्ट ऐकू आलं, हं, आता. हिचाच आवाज. वाकून पाहिलं तर वाळत घातलेला टॉवेल. गिअर कुरकुरत असावा. नवीन आहे.

७ मार्च
गिअरला तेल दिलं. तरी हं, आता. आज जरा वैतागून. चाळीस फोटो काढले, चाळीसही हलले. जमीनच थरथरत असणार, खालच्या बाई शिवणयंत्र चालवतात. जाऊन जाब विचारला. मशीन महिनाभर बंद आहे म्हणाल्या. चहा दिला आणि उगाच माझ्याकडे बघत बसल्या.
मी घाबरलेलो नाही. बाल्कनीचं दार लावलंय ते धुळीमुळे.

८ मार्च, रविवार, दुपार
लेकीसाठी फोटो शोधायला बसलो. मुंग्या, कोळी, दवाचे थेंब. चार हजारांत ही एकदाही नाही. असं कसं होईल? मग न कापलेले मूळ फोटो उघडले.
शार्प आलेल्या प्रत्येकात खालच्या कोपऱ्यात दोन बोटं, देठ धरलेली. फूल वाऱ्याने हलू नये म्हणून ही कुंडीमागे उकिडवी बसायची. वारा पडला की म्हणायची, हं, आता. आणि मी आत येऊन बोटं कापून टाकायचो, हेडचं कौतुक करायचो.
फार आठवण येतेय.

९ मार्च
लेकीला एक पाठवला. देठ, अंगठा, त्यावरचा इस्त्रीचा जुना डाग. तिचा फोन आला. म्हणाली, बाबा, हाच मोठा करून द्या.
संध्याकाळी हेड परत करायला गेलो. दुकानदाराने विचारलं, तक्रार काय? म्हटलं, हेड हलत नाही, फूल हलतं. तो हसला. म्हणाला, मग घरात कुणाला तरी देठ धरायला सांगा ना.
हेड घेऊन परत आलो.