मधुकरचं खरं प्रेशर

प्रताप नगर, नागपूर
४ फेब्रुवारी १९८४

ती. वच्छलाताईंना प्रेमिलाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मुंबईच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, पुढच्या महिन्यातली. तुमची किडनी जुळली हे तुमच्या भावाला अजून खरं वाटत नाही. यंत्रावर रक्त धुवून आणलं की ते दुसऱ्या दिवशीही नुसते पडून असतात. मीही थकले, ताई.

मागे यांचं रक्ताचं प्रेशर जास्त निघालं म्हणून तारीख हुकली होती. आता मी हुशारी करते. इथले डॉक्टर प्रेशर मोजून मुंबईला कळवतात, त्या सकाळी यांना प्रेशरच्या दोन गोळ्या जास्त देते. आकडा कसा गुणी येतो! यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, सांगू नका हं.

माया आहेच, ती राहू द्यावी.
तुमची प्रेमिला

कुही
९ फेब्रुवारी १९८४

चि. सौ. प्रेमिलाला ताईचा जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि घास उतरला नाही. अगं, माझी तपासणी झाली तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मला नीट समजावलं होतं. प्रत्येकाचं प्रेशर आपापलं असतं. ज्याचं वर्षानुवर्षं चढंच आहे, त्याचं ऑपरेशनमध्ये फार खाली राहिलं तर नव्या किडनीला रक्त पुरत नाही. म्हणून ते मधुकरचं प्रेशर त्याच्या नेहमीच्या आकड्याजवळ धरणार आहेत, आणि तोच आकडा तू खोटा पाठवते आहेस.

तारीख जायची भीती मलाही आहे. पण माझ्याकडे द्यायला एकच किडनी आहे, बाई. खरं कळवल्याशिवाय मी मुंबईच्या गाडीत बसणार नाही. मधुकरलाही विचार, सारं ठाऊक असून तू काहून चूप बसला गा म्हणून.

रागावले तरी तुझीच आहे, लोभ ठेव.
ताई

मुंबई
२ एप्रिल १९८४

ती. ताईस मधुकरचा जयभीम.

तू खालच्या वॉर्डात, मी वर. भेटू देत नाहीत म्हणून प्रेमिलाच्या हाती हे पत्र. मुंबईला खरं कळवलं तेव्हा इथले डॉक्टर फार रागावले. तारीख पुढे गेली आणि प्रेमिला तुझ्यावर फुगून बसली, ते तुला माहीतच आहे. पण इथे आल्यावर त्यांनी रोज स्वतः मोजून माझा खरा आकडा काढला, गोळ्या बेताच्या दिल्या, आणि ऑपरेशनच्या टेबलावर प्रेशर माझ्या मापानं सांभाळलं. तुझी किडनी तिथेच चालू झाली म्हणे.

तुझे टाके दुखतात का? प्रेमिलाजवळ खरं सांग.

किडन्या निकामी, अंगात पाणी साठायचं, म्हणून दोन वर्षं मी पाणी घोट मोजून प्यालो, ताई. आज सिस्टरनं तांब्या समोर ठेवला आणि म्हणाली, प्या भरपूर. मला धीरच होईना. तांब्या धरून रडत बसलो, आणि मग सगळा प्यालो.

तुझाच,
मधुकर