भावोजींच्या नावाची नळी

मंगळवार, ता. १४

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. पाठ तेवढी कुरकुरते. दिवसभर सूक्ष्मदर्शकावर वाकून दुसरं काय होणार! बाळीची परीक्षा कशी गेली? पत्र मुद्दाम कुरियरनं तुझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवतेय. हल्ली घरी फोन केला की भावोजीच उचलतात आणि "ती झोपलीय" म्हणतात. भर दुपारी बारा वाजता?

भावोजींच्या रक्ताची नळी सहा तारखेलाच मिळाली. कामावर पाइपांच्या जोडांचे किरणांनी फोटो काढताना त्यांच्या किरण मोजणाऱ्या बिल्ल्यावर भलामोठा आकडा आला, आणि ते म्हणतात, बिल्ला कोटासकट यंत्रापाशी राहिला, मी लांब होतो. खरं-खोटं आता रक्तच सांगणार. किरण लागले की पेशीतली गुणसूत्रं तुटतात आणि भलतीच जुळतात. एरवी गुणसूत्राला एकच कंबर, म्हणजे चिमटलेली जागा, असते; अशा एकेकाला दोन दिसतात. तशी किती सापडली यावरून आम्ही डोस काढतो.

पाचशे पेशी मोजल्या. तसं एकही नाही.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. म्हणून तीच काच पुन्हा लावली. ताई, त्या पेशी बाईच्या आहेत. आणि नवव्या गुणसूत्राची कंबर जागेवर नाही. तशीच माझीही आहे. शिकताना माझ्याच रक्तावर हात बसवला, तेव्हा आईचंही तपासलं होतं. तिचीही तशीच निघाली.

रक्त काढणारी नर्स तूच होतीस. नोंदीवर सही तुझीच आहे.

आधी वाटलं, त्यांची पुढच्या महिन्यातली बढती हुकू नये म्हणून केलं असशील. पण ते खरंच यंत्रापासून लांब होते, तर स्वतःचं रक्त द्यायला माणूस का घाबरेल? बिल्ल्यावर आकडा आला त्याच संध्याकाळी त्यांना दोनदा उलटी झाली, हे तूच सांगितलंस. वर म्हणालीस, "पोट बिघडलंय गं." तू आपणहून केलंस, की त्यांनी करायला लावलं? त्यांनी लावलं असेल तर त्यांना सगळं ठाऊक आहे, आणि मला त्यांचा भयंकर राग आलाय.

त्यांच्या पांढऱ्या पेशी आताच घटत असतील. अशात माणूस वरून ठणठणीत दिसतो आणि साध्या तापात हातचा जातो. वेळेवर कळलं तर डॉक्टरांना पुष्कळ करता येतं.

अहवालात "नमुना या व्यक्तीचा नाही" एवढंच लिहिलंय. कोणाचा, ते साहेब शुक्रवारी विचारतील आणि मला खोटं बोलता येणार नाही. लहानपणी तुझ्यासाठी ढीगभर बोलले, हे नाही जमायचं. त्याआधी भावोजींना घेऊन ये. आढेवेढे घेतले तर हे पत्र त्यांच्या हातात दे. सुई मी स्वतः टोचीन.

तुझं रक्त उत्तम आहे, ताई. मला त्यांचं हवंय.

तुझीच,
धाकटी